ट्रान्झिस्टरचं पोट रिकामं करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घर सजवायच्या पानावर जुन्या वस्तू नव्याने कशा वापराव्यात असा लेख आला होता, त्यात जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओबद्दल जो सल्ला दिलाय तो वाचून हे पत्र लिहितोय. सल्ला असा की मागचं झाकण उघडा, आतलं सगळं काढून टाका, तिथे ब्लूटूथचं किट आणि नवा स्पीकर बसवा, झाला तुमचा व्हिंटेज स्पीकर. फोटो झकास होते, त्यात वाद नाही. पण "आतलं सगळं" म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला माहीत असतं तर ते वाक्य इतकं सहज लिहिलं गेलं नसतं. आणि असे जे सेट "बंद" म्हणून माळ्यावर पडलेले असतात त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं अगदी किरकोळ असतं, एका सुट्टीच्या दिवसात निघण्यासारखं, तेच लेखात कुठेही नव्हतं.

आधी आत काय असतं ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ट्रान्झिस्टर हा क्षीण सिग्नल मोठा करणारा भाग अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९४७ च्या डिसेंबरात बनला, बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना त्यासाठी १९५६ चं नोबेल मिळालं, पण सामान्य माणसाच्या हातात तो पोचला तो रेडिओमुळे. १९५४ मध्ये अमेरिकेत रीजन्सी कंपनीचा टीआर-१ आला त्यात ट्रान्झिस्टर होते फक्त चार, आणि तो साडेबावीस व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. पुढच्या वर्षी जपानमधून टीआर-५५ आला, ज्या कंपनीला आज आपण सोनी म्हणतो तिचा. मग सहा, सात, आठ ट्रान्झिस्टरचे सेट निघाले आणि कंपन्या तो आकडा मिरवत कॅबिनेटवर छापायला लागल्या. काहींनी तर आकडा फुगवायला एकदोन ट्रान्झिस्टर उगाचच लावून ठेवले, काम काही नाही, नुसती भरती! असा सेट उघडल्यावर हसू येतं खरं.

पण या सगळ्यांच्या आतली आखणी जवळजवळ एकच असते, आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये शोधलेली सुपरहेट. फेराइटच्या काळ्या कांडीवरच्या कॉइलमध्ये स्टेशन येतं, सेटच्या आतच तयार होणाऱ्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीबरोबर ते मिसळतं, त्यातून एक ठरलेली फ्रिक्वेन्सी निघते (तिला आयएफ म्हणतात), बहुतेक सेटमध्ये ४५५ किलोहर्ट्झ, ती पत्र्याच्या छोट्या चौकोनी डब्यांतून (आयएफटी म्हणतात त्यांना) वाढत वाढत जाते, मग डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, त्यातून आवाज वेगळा काढतो, तो व्हॉल्यूम कंट्रोलवर येतो आणि तिथून पुढे दोन आउटपुट ट्रान्झिस्टर स्पीकर हलवतात. एवढंच. माग सरळ असल्यामुळे बिघाड कुठे आहे ते व्होल्ट-करंट मोजणाऱ्या साध्या मल्टीमीटरने आणि थोड्या चिकाटीने शोधता येतं, हे आजच्या कुठल्याही ब्लूटूथ किटबद्दल बोलता येणार नाही, ते गेलं की गेलं.

आता बंद का पडतात. पहिलं कारण सेल. कोणीतरी सेल आत तसेच ठेवले, ते फुटले, त्यातलं पाणी स्प्रिंगवर, पत्र्यावर आणि कधी कधी थेट बोर्डावर उतरलं. इथे लोक सरसकट लिंबू किंवा व्हिनेगर लावा सांगतात ते अर्धंच बरोबर आहे. अल्कलाइन सेलमधून निघतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्यावर व्हिनेगर चालतं, पण जुने साधे झिंक-कार्बन सेल असतील तर त्यांचा स्राव आम्लाकडे झुकणारा असतो, त्यावर व्हिनेगर ओतून उपयोग शून्य, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. कापसाच्या काडीने थोडंथोडं लावायचं, मग स्वच्छ पाण्याने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं. आणि सेलच्या डब्यापासून बोर्डाकडे जाणाऱ्या वायरी बघा, वरचं प्लास्टिक ठीक दिसतं पण आत तांबं काळं पडून खलास झालेलं असतं, सोल्डर धरतच नाही. त्या वायरी बदलूनच टाका.

दुसरं कारण खरखर. व्हॉल्यूम फिरवला की खर्रर्र, बँड बदलला की आवाज गायब. हे म्हणजे कार्बनच्या पट्टीवर आणि स्विचच्या पत्त्यांवर साचलेली घाण, इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारून बटण वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरवलं की निम्म्याहून जास्त सेट शहाण्यासारखे बोलायला लागतात. दाराच्या बिजागऱ्यांना मारतो तो स्प्रे नको, तो तेलकट थर सोडतो आणि त्यावर परत धूळ चिकटते. आणि काहीही झालं तरी गँगवर, म्हणजे स्टेशन बदलायच्या कंडेन्सरवर, स्प्रे मारू नका. प्लास्टिकच्या पांढऱ्या डबीतला गँग असेल तर आतल्या पातळ फिल्ममध्ये ते ओल धरतं आणि मग सगळी स्टेशनं जागेवरून सरकतात.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारी नळकांडी. आतलं रसायन इतक्या वर्षांत वाळून जातं. आवाज बारीक येतो, फाटका येतो, नाहीतर व्हॉल्यूम वाढवला की फटफट-फटफट सुरू होतं, किंवा सेल जरा उतरले की शिट्टी वाजते. ही फटफट आणि शिट्टी ऐकली की पहिला संशय बॅटरीच्या दोन टोकांवर जो मोठा कंडेन्सर असतो त्याच्यावर घ्यायचा. परीक्षा सोपी आहे, सेट चालू असताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (वीज साठवायच्या क्षमतेचं माप) नवा कंडेन्सर त्याच्या दोन पायांना नुसता टेकवून बघा, प्लस-मायनस सांभाळून, आवाज सुधारला तर चोर सापडला. नवा लावताना त्यावर छापलेलं व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच किंवा किंचित जास्त, बास. नवे कंडेन्सर आकाराने लहान असतात त्यामुळे जागेचा प्रश्न येत नाही. ज्यांना आतलं जुनं रूपही जपायचंय ते जुन्या कंडेन्सरचं नळकांडं पोकळ करून त्याच्या आत नवा लपवतात, मला एवढं सोवळं झेपत नाही पण करणाऱ्यांचं कौतुक आहे.

इथे प्लस-मायनसवरून एक महत्त्वाचं. त्या काळचे बरेचसे सेट जर्मेनियमच्या पीएनपी (आजच्या नेहमीच्या जातीच्या उलट प्लस-मायनसने चालणाऱ्या) ट्रान्झिस्टरवर आहेत, त्यात बॅटरीचा प्लस हा कॉमन, म्हणजे सगळ्या सर्किटची सामायिक बाजू किंवा अर्थ असतो, मायनस नाही. आजच्या सर्किटची सवय असलेला माणूस काळी वायर म्हणजे अर्थ धरून चालतो आणि सगळी मोजणी उलटी करून बसतो. म्हणून आधी बॅटरीचं कुठलं टोक बोर्डाच्या रुंद पट्टीला गेलंय ते बघायचं. दुसरं, जर्मेनियममध्ये बेस आणि एमिटर या ट्रान्झिस्टरच्या दोन पायांमध्ये साधारण ०.२ व्होल्ट मिळतात, सिलिकॉनसारखे ०.६ नाही, त्यामुळे कमी दिसले म्हणून ट्रान्झिस्टर गेला असं ठरवून तो उपटू नका. आणि हे ट्रान्झिस्टर उष्णतेला फार नाजूक, सोल्डर करताना त्याच्या पायावर चिमटा किंवा पकड धरायची म्हणजे उष्णता तिथेच अडते. बोर्डही जुने तपकिरी, जास्त वेळ गरम टोक टेकवलं की तांब्याची पट्टी उचलून वर येते, मग तीच चिकटवत बसा. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं.

पहिल्यांदा सेट चालू करताना थेट सेल घालून कान लावू नये असं माझं मत. बॅटरीच्या एका वायरीत मिलीअँप मीटर घालायचा. लहान सेट आवाज कमी ठेवला की साधारण दहा-पंधरा मिलीअँप घेतो. शंभरावर गेला तर लगेच बंद, आउटपुटच्या जोडीत किंवा एखाद्या कंडेन्सरमध्ये शॉर्ट आहे. शून्य आला तर स्विच, वायर, सेलचे पत्रे. बरोबर आला पण आवाज नाही, तर मग मागून पुढे यायचं, म्हणजे स्पीकरकडून एरियलकडे. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा आणि दांडीच्या लोखंडाला बोट, स्पीकरमधून गुणगुण किंवा खट् आली म्हणजे स्पीकरकडचा अर्धा सेट ठणठणीत. मग बिघाड एरियलकडच्या अर्ध्यात. तिथे सगळ्यात गोड युक्ती अशी की दुसरा चालू रेडिओ शेजारी आणायचा. दुखणाऱ्या सेटचा काटा मिडियम वेव्हवर ६०० किलोहर्ट्झला ठेवायचा आणि चांगला रेडिओ १०५५ च्या आसपास हळूहळू फिरवायचा, कारण ती दुसरी फ्रिक्वेन्सी तयार करणारा आतला ऑसिलेटर स्टेशनपेक्षा ४५५ ने वर चालतो. चांगल्या रेडिओत एका जागी खरखर एकदम दबली किंवा शिट्टी आली तर ऑसिलेटर जिवंत आहे. कुठलंही महागडं यंत्र न घेता एवढं कळतं!

एक बिघाड मात्र खास आहे आणि माहीत नसेल तर माणूस वेडा होतो. एएफ ११४ ते एएफ ११७ या नंबरचे ट्रान्झिस्टर फिलिप्सच्या आणि युरोपातल्या इतर कंपन्यांच्या सेटमध्ये ढीगभर वापरलेत, चकचकीत धातूच्या टोपीचे, चार पायांचे. त्या टोपीच्या आत कथलाचा मुलामा असतो आणि त्या कथलाला वर्षानुवर्षांत आपोआप केसाहून बारीक धागे फुटतात, ते आतल्या भागाला टेकले की शॉर्ट. सेट वापरला नाही तरी होतं, कपाटात नवा कोरा ठेवलेला ट्रान्झिस्टर पण जातो. चौथा पाय हा टोपीचा असतो, तो अर्थला जोडलेला असतो म्हणून शॉर्ट जाणवतो, तो एक पाय कापला की पुष्कळदा सेट तिथल्या तिथे बोलायला लागतो. त्यातही एकाहून जास्त धागे आत टेकले असतील तर कापून भागत नाही, बदलावाच लागतो. ओसी ७१ या ट्रान्झिस्टरची गंमत वेगळी, काचेची नळी आणि वरून काळा रंग, रंग खरवडला गेला की आत उजेड शिरतो आणि ट्रान्झिस्टर उजेडाप्रमाणे वागायला लागतो. झाकण उघडं ठेवून दिव्याखाली मीटरवर एक आकडा आणि झाकण लावल्यावर दुसरं, असं झालं तर तिथे बघा.

आता काय करू नये. पत्र लांबलंय याची जाणीव आहे पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ज्यांना सेट जपायचा असतो तेच लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. त्या आयएफटीच्या डब्यांच्या डोक्यावर जे स्क्रूसारखं दिसतं ते स्क्रू नाही, ते फेराइटचं गाभं आहे, फॅक्टरीत मोजून बसवलेलं. "ढिले दिसले म्हणून घट्ट केले" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय! घट्ट केले की सेट बहिरा. शिवाय लोखंडी स्क्रूड्रायव्हरने ते तडकतं, आणि तडकलेलं आत अडकून बसतं. अलाइनमेंट, म्हणजे हे गाभे परत जुळवायची, वेळ आलीच तर प्लास्टिकचं हत्यार, आणि करायची शेवटी, बाकी सगळं दुरुस्त झाल्यावर. बऱ्याचदा गरजच पडत नाही. तेही ४५५ डोळे मिटून धरू नये, रीजन्सी टीआर-१ चं आयएफ २६२ होतं आणि युरोपातल्या कित्येक सेटचं ४७० आहे, त्या मॉडेलचं सर्किट मिळवून बघितलेलं बरं. फेराइटवरची कॉइल मेणाने एका जागी चिकटवलेली असते, ती सरकवायची नाही आणि ती कांडी खाली पडू द्यायची नाही, काचेसारखी तुटते. तिथल्या बारीक धाग्यांच्या तारेतले दोनतीन धागे तुटले तरी स्टेशनं क्षीण होतात, ते भिंगातून बघावं लागतं.

डायलचा दोरा काढण्याआधी फोटो काढा. हे एक वाक्य पुरवणीत चौकटीत छापलंत तरी चालेल. कुठल्या चाकावरून किती वेढे, स्प्रिंग कुठल्या बाजूला, काटा कुठे अडकवलाय, हे एकदा सुटलं की परत जमवायला जीव जातो.

कॅबिनेटचंही तसंच. जुनं प्लास्टिक बऱ्याचदा पॉलिस्टायरीन असतं, त्याला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लागला की ते विरघळतं, डाग कायमचा. कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ ब्रश, आणि बारीक ओरखड्यांना प्लास्टिकचं पॉलिश किंवा साधी टूथपेस्टसुद्धा चालते. पण डायलच्या काचेवरची अक्षरं मागच्या बाजूने छापलेली असतात, ती साध्या ओल्या फडक्यानेही निघून येतात, तिथे कोपऱ्यात आधी बघा आणि शंका आली तर धूळ झटकून सोडून द्या. फाटलेल्या स्पीकरचा कोन टिश्यू पेपर आणि पांढऱ्या गोंदाने मस्त जोडला जातो, त्यासाठी नवा स्पीकर आणायची गरज नाही. आणायचाच तर त्याचे ओहम (विजेला होणारा अडथळा) बघा, जुन्या सेटमध्ये १५ किंवा २५ ओहमचेही असतात, तिथे चारचा लावला की आउटपुट ट्रान्झिस्टर गरम होतात आणि जर्मेनियम एकदा तापायला लागलं की करंट वाढतो, करंट वाढला की अजून तापतं.

माझं भांडण फक्त पोट रिकामं करणाऱ्यांशी नाहीये, उलट टोकाच्या लोकांशीपण आहे. झाकण उघडलं की एकूण एक कंडेन्सर, एकूण एक रेझिस्टर बदलायचा, कॅबिनेटला नवा रंग मारायचा आणि मग "ओरिजिनल कंडिशन" म्हणून मिरवायचं. सिरॅमिक आणि मायकाचे कंडेन्सर सहसा जात नाहीत, त्यांना हात लावायचं कारण नाही, आणि जितकं सोल्डर जास्त तितक्या उचललेल्या पट्ट्या जास्त. जे बिघडलंय ते बदला, जे चालतंय त्याला राहू द्या आणि काढलेले भाग एका पिशवीत घालून सेटच्या आत ठेवा, पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला कळू दे काय काय झालंय ते.

लेखाच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा खरा आहे, की चालू करून ऐकणार काय? मिडियम वेव्ह जगात अनेक ठिकाणी बंद होतंय, जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने २०१५ च्या शेवटी ते बंद केलं. शॉर्टवेव्हही आटलंय. जे उरलंय त्यावर एलईडी दिव्यांचा आणि मोबाइल चार्जरचा कचरा, सेट चांगला असूनही घरात नुसती खरखर येते आणि लोक म्हणतात रेडिओच गेला. चार्जर काढून बघा, सेट गोल फिरवून बघा (फेराइटची कांडी ज्या दिशेला टोक करते तिथलं काही घेत नाही, त्यामुळे फिरवून एखादा आवाज गाळता येतो), आणि रात्री बघा. दिवसा आयनोस्फिअरचा जो खालचा थर मिडियम वेव्ह शोषतो तो अंधार पडल्यावर विरतो आणि दिवसा न लागणारी लांबची स्टेशनं यायला लागतात.

आणि तरीही ज्याला फोनवरची गाणीच ऐकायचीत त्याला काहीही न काढता ती ऐकता येतात, हेच मला पुरवणीला सांगायचंय. व्हॉल्यूम कंट्रोलच्या ज्या पायावर डायोडकडून आवाज येतो तिथे एक छोटा कंडेन्सर लावून बाहेरून आवाज आत देता येतो. स्टीरिओचे डावा-उजवा दोन रेझिस्टरमधून एकत्र करायचे, एक लहान सॉकेट मागच्या झाकणाच्या आधीपासूनच असलेल्या फटीतून बाहेर काढायचं, भोक पाडायचं नाही. प्लग घातला की डायोडची बाजू तुटेल असं स्विचवालं सॉकेट घेतलं तर रेडिओ आणि फोन एकमेकांत मिसळत नाहीत. ब्लूटूथची चकती हवी असेल तर तिला तिची स्वतःची बॅटरी द्या, सेटच्या बॅटरीवर टाकू नका, प्लस कॉमन असलेल्या सेटमध्ये तिथे शॉर्ट व्हायची भीती असते. मग तोच जुना स्पीकर, तेच दोन ट्रान्झिस्टर, आवाजाचा तोच जरा गोलसर बाज, आणि उद्या नको झालं तर दोन जोड सोडवले की सेट होता तसा. हे फक्त बॅटरीवरच्या सेटसाठी हं, जे सेट थेट मेन्सवर चालतात त्यातल्या काहींच्या चॅसिसवरच, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावरच, करंट असतो, त्यांना सॉकेट जोडायचं धाडस कोणी करू नये.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत परत हा विषय आला तर ही दुसरी पद्धतही छापावी, जागा असेल तर आकृतीसकट. आणि ज्यांनी लेख वाचून आधीच बोर्ड उपटून काढलंय त्यांनी ते कचऱ्यात टाकू नका, त्या मॉडेलचा गँग, आयएफटी, छोटा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर हे आता कोणी बनवत नाही आणि तोच सेट चालू करायला बसलेल्या माणसाला नेमका त्यातलाच एखादा भाग हवा असतो. बोर्डावरून भाग सुटे करू नका, अख्खं बोर्ड मॉडेलचा नंबर लिहून द्या.

कळावे,
आपला एक नियमित वाचक